वाटण आणि वाटणी : टर्कीच्या टिक्कीची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आपल्या मराठीत ‘वाटणं’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. पाट्यावर मिरची-लसूण वाटतो तेही वाटणं, आणि आरती झाल्यावर प्रसाद वाटतो तेही वाटणंच. पहिल्यातून होतं वाटण, दुसऱ्यातून होते वाटणी. आजच्या बोलण्यात हे दोन्ही अर्थ येणार आहेत. कारण आजचा विषय आहे टर्की नावाच्या पक्ष्याच्या खिम्याची टिक्की. ती पावात ठेवली की तिचा बर्गर होतो.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, “काहून व बाई, इथं गावरान कोंबडी परवडत नाही, अन् तू टर्कीचं काय घेऊन बसली?” बरोबर आहे. पण परतवाड्यात आता गाडीवरही बर्गर मिळतो, आपली पोरं तो मागतात, आणि बचत गटाच्या बैठकीत ‘काहीतरी नवीन पदार्थ करू’ अशी चर्चा निघाली की त्याचं नाव येतंच. मग तो आला कुठून, हे आपल्याला माहीत असावं. आणि दुसरं असं की, कोरड्या मांसाचा रसदार पदार्थ कसा करायचा हे ज्ञान मुळात बायकांच्या हातातलं आहे. त्याचा इतिहास आपण सांगितला नाही तर कोण सांगणार? ज्या बहिणी माळकरी आहेत, त्यांनी ही गोष्ट इतिहास म्हणून ऐकावी. शेवटी त्यांच्याही कामाचं काही आहे.

आधी खिमा

मांस बारीक करून, मसाला घालून, गोळा वळून शिजवायचं, ही युक्ती कुण्या एका देशाची नाही. आपल्याकडे तर ती फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेसारख्या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘वेसवार’ नावाचा पदार्थ येतो. हाडं काढलेलं मांस शिजवून कुटायचं आणि त्यात गूळ, तूप, पिंपळी, मिरी घालायची, असं त्याचं वर्णन आहे. अशक्त माणसाला बळ यावं म्हणून तो सांगितलेला. लग्नाच्या पंगतीत आपण येसराची आमटी वाढतो ना? तो ‘येसर’ शब्द या ‘वेसवार’वरूनच आला असं सांगतात. मांस गेलं, मसाला राहिला, आणि शब्द आपल्या डब्यात येऊन बसला.

पुढं १२व्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातलं. त्या ग्रंथात राजाच्या जेवणाचं एक मोठं प्रकरण आहे. मांसाचे तुकडे सळईला टोचून भाजायचे, मांस कुटून त्याचे गोळे करायचे, असे प्रकार त्यात आहेत. म्हणजे ‘कबाब’ हा शब्द आपल्याकडे रुळायच्या आधीपासून ती कृती इथं होती.

आणखी तीनशे-साडेतीनशे वर्षांनी आपल्या सातपुड्याच्या पलीकडं, माळव्यात मांडूला घियासुद्दीन शाह हा सुलतान होता. त्याचा काळ १४६९ ते १५००. जवळपास त्याच सुमाराला, १४९०मध्ये, आपल्या अचलपूरला इमादशाही सुरू झाली. मांडूच्या या सुलतानानं खाण्यापिण्याचं एक पुस्तक लिहून घेतलं, त्याचं नाव ‘निमतनामा’. सामोशात भरायचा खिमा, कबाब, सुगंधी भात, सरबतं, सगळं त्यात आहे. हे पुस्तक आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातली चित्रं पाहण्यासारखी आहेत. सुलतान मधे बसलेला, आणि भोवती बायका चुलीपाशी, भांड्यापाशी कामात. कुणी ढवळते आहे, कुणी वाढते आहे. सुलतानाचं नाव पुस्तकात पानोपानी आहे. त्या बायकांचं एकीचंही नाव नाही.

१५९६मध्ये वऱ्हाड अकबराच्या राज्यात गेला. अकबराचा दरबारी अबुल फजल यानं ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिली, तिच्यात वऱ्हाड सुभ्याची माहिती आहे आणि बादशहाच्या मुदपाकखान्यातले पदार्थही आहेत. १० शेर मांसाला तूप किती, कांदा किती, आलं किती, असं माप दिलेलं आहे. खिम्याचा पुलाव आहे, कबाब आहे. मापं एवढी नेमकी लिहिली, म्हणजे कुणीतरी स्वयंपाक करणाऱ्यांना विचारूनच लिहिली असणार. पण सांगणारा हात कुणाचा, ते लिहिलेलं नाही.

बिननावाचा पक्षी

आता टर्कीकडं येऊ. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या लोकांनी २००० वर्षांपूर्वीच त्याला माणसाळवलं होतं. तिथल्या घरांत मक्याच्या पिठाची उंडी करून, आत टर्कीचं मांस घालून, पानात गुंडाळून वाफवत. आपल्या पानग्यांची आठवण यावी असाच हा प्रकार. १६व्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनचे लोक तिथं गेले आणि त्यांनी हा पक्षी युरोपात नेला. त्याच काळात त्या खंडातून मिरची, टमाटा, बटाटा, मका, भुईमूग ही सगळी पिकंही जगभर निघाली. बहिणींनो, विचार करा, तेव्हा वऱ्हाडात ठेचा नव्हता. मिरचीच नव्हती, तर ठेचा कशाचा करणार? तिखटासाठी मिरी आणि पिंपळी. आज मिरचीला परकी म्हणायची कुणाची हिंमत आहे?

पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतला आणि पुढं ही नवलाई गोव्याच्या बंदरातून हिंदुस्थानात यायला लागली. १६१२मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान यानं गोव्याहून काही अपूर्व प्राणी-पक्षी विकत घेऊन बादशहाला नजर केले. त्यात टर्कीचा नर होता. जहांगीरानं आपल्या आठवणींत त्याचं वर्णन करून ठेवलंय. हा पक्षी लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान, मोरासारखा पिसारा फुलवतो, आणि त्याच्या डोक्यागळ्याचा रंग सरड्यासारखा बदलत राहतो, कधी लाल, कधी पांढरा, कधी निळसर, असं त्याला नवल वाटलं. या प्राण्यांची नावंही कुणाला माहीत नव्हती. मग बादशहानं दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून त्याचं चित्र काढून घेतलं. टर्कीचं मन्सूरनं काढलेलं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

नावाची गंमत तर पुढंच आहे. इंग्रजांना वाटलं हा पक्षी तुर्की व्यापाऱ्यांकडून येतो, म्हणून त्यांनी नाव ठेवलं ‘टर्की’. तुर्कस्थानातले लोक म्हणाले, छे, हा आमचा नाही, हा हिंदुस्थानातला, म्हणून त्यांच्या भाषेत त्याचं नाव ‘हिंदी’. फ्रेंच लोकांनीही त्याला ‘हिंदुस्थानची कोंबडी’ याच अर्थाचं नाव दिलं. पोर्तुगीजांनी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचं नाव दिलं, ‘पेरू’. आणि हिंदीतही त्याला पेरू म्हणतात. आपल्या मराठीत मात्र पेरू म्हणजे फळ. ते फळही अमेरिकेतलंच. वऱ्हाडात आपण त्याला जांब म्हणतो, पुण्या-मुंबईकडे पेरू. प्रत्येकानं तो पक्षी दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडला. आणि ज्या मेक्सिकोच्या घरांनी त्याला पहिल्यांदा दाणे घातले, त्यांचं नाव यांच्यातल्या कुणीच दिलं नाही.

अख्खा पक्षी आणि सुरी

परतवाडा हे छावणीचं गाव. इंग्रजी अमदानीत इथं एलिचपूरची छावणी होती. एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर. पैसा निजामाचा आणि अधिकारी इंग्रज, अशी ती हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज. वर चिखलदऱ्याला साहेबलोकांची थंड हवेची घरं. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या घरी नाताळाला टर्की हा मानाचा पदार्थ असे. तो करायचा खानसामा, पण टेबलावर तो अख्खा येई, आणि सुरी घेऊन कापायचा मान घरातल्या कर्त्या पुरुषाचा. कुणाला छातीचा तुकडा, कुणाला तंगडी, कुणाला पंखाचं टोक, हे तो ठरवणार.

अमेरिकेतही तसंच. तिथं नोव्हेंबरात ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा आभाराचा सण असतो, आणि त्या दिवशी टर्की हवीच. हा सण सगळ्या देशाचा व्हावा म्हणून ज्या व्यक्तीनं वर्षानुवर्षं चिकाटी धरली ती एक बाई होती, आणि तीसुद्धा बायकांच्या मासिकाची संपादक. तिचं नाव सारा जोसेफा हेल. शाळेतली पोरं ‘मेरी हॅड अ लिटल लँब’ म्हणतात ना, ते गाणं हिचंच. १८२२मध्ये नवरा वारला, पदरात पाच लेकरं. लेखणीवर तिनं घर चालवलं. आपल्या मासिकातून तिनं या सणासाठी लेख लिहिले, राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहिली. शेवटी १८६३मध्ये, ऐन यादवी युद्धात, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी हा दिवस जाहीर केला.

एका बाईच्या लेखणीनं सण देशभर झाला. पण सणाच्या टेबलावर सुरी पुन्हा घरच्या पुरुषाच्याच हातात राहिली. अख्खा पक्षी समोर आला की वाटणी कोण करणार हा प्रश्न येतोच.

घराघरात सारखे, घरात नाही

आपल्याकडे हे कसं चालतं ते बघू. पोळ्याच्या कराला गावात बोकड कापतात आणि त्याचे वाटे टाकतात. पळसाच्या पानावर सारखे ढीग. प्रत्येक ढिगात थोडं मऊ, थोडं हाडाचं, थोडी कलेजी. ज्यानं जेवढे पैसे घातले त्याला तेवढे वाटे. त्यात कुणाला कमी पडलं तर तिथंच आवाज चढतो. वाट्याचा हिशोब आपल्या गावाला चांगला कळतो.

अर्थात, हा न्याय सगळ्यांना सारखा मिळाला असंही नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५च्या पुस्तकात गावातल्या हक्कांचा आणि वाट्यांचा तपशील आहे. कुणाच्या वाट्याला काय यायचं ते जातीवरून ठरलेलं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचं खाणं लिहिलंय. जे भाग इतरांनी टाकून दिले त्यांतूनही त्या घरांतल्या बायकांनी चवीचं खाणं उभं केलं, हे त्यातून कळतं.

आणि एकदा का तो वाटा घराच्या उंबऱ्याच्या आत आला, की हिशोब थांबतो. रश्शाचं पातेलं चुलीवरून उतरलं की तंगडी सासऱ्यांना, कलेजी नवऱ्याला, मऊ तुकडे पोरांना, पाहुणा असेल तर त्याला दोनदा. वाढणारी शेवटी बसते तेव्हा पातेल्यात तर्री असते, मानेचं हाड असतं आणि बटाटा असतो. कुणी तिला ‘खाऊ नको’ म्हणत नाही. कुणी मोजत नाही, एवढंच.

हे केवळ मनाला लागायचं बोलणं नाही. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. गटाच्या बैठकीत दहा जणी बसल्या असतील तर त्यांतल्या पाचांहून अधिक. शेतात निंदण, घरी धुणं-पाणी, आणि ताटात मानेचं हाड. मग दुपारी चक्कर येते.

टिक्की मोजता येते

या ठिकाणी टिक्कीचं महत्त्व आहे. बर्गरची टिक्की हँबर्ग या जर्मन बंदराच्या नावानं ओळखली जाते. १९व्या शतकात तिथून हजारो गरीब लोक जहाजानं अमेरिकेला गेले. मांसाचे चिवट, स्वस्त तुकडे बारीक करून, गोल थापून भाजायचे, हा पदार्थ तिथं त्यांच्या गावाच्या नावानं चालला. कारखान्यातल्या माणसाला उभ्या उभ्या खाता यावं म्हणून तो पावात घातला. तो पहिल्यांदा कुणी घातला यावर अमेरिकेत गावागावांचं भांडण आहे. मूळचा तो गाई-बैलांच्या मांसाचा. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत, कमी चरबीचं मांस बरं, असा विचार वाढला तेव्हा टर्कीच्या खिम्याचा बर्गर घराघरात होऊ लागला. १९९६मध्ये मॅकडोनाल्ड्स ही कंपनी दिल्ली-मुंबईत आली तेव्हा तिला इथं बटाट्याची टिक्की करावी लागली. आपल्याला त्यात नवल नाही. पाव शब्द पोर्तुगीजांचा, बटाटा अमेरिकेचा, बेसन आपलं, आणि वडापाव मुंबईचा. बर्गर हा त्याचा लांबचा चुलतभाऊच.

पण माझ्या दृष्टीनं टिक्कीचा मोठा गुण हा की ती सारखी असते. तिच्यात तंगडी नाही, मान नाही, मऊ तुकडा नाही, हाड नाही. वाटून एकजीव केलेलं मांस सहा ठिकाणी सारखं करा, सहा माणसांना सहा टिक्क्या. एक कमी पडली तर लगेच दिसतं. वाटणातून वाटणी सरळ होते.

कोरडी का होते, रसदार कशी करायची

टर्कीचं मांस, विशेषतः छातीचं, फार कमी चरबीचं. आपल्या गावरान कोंबडीचंही तसंच. हिंडून-फिरून वाढलेला पक्षी, अंगावर चरबी कुठून येणार? असं मांस तापलं की आकसतं आणि आतलं पाणी बाहेर ढकलतं. चरबी असती तर तिनं तोंडात ओलावा दिला असता. ती नाही, म्हणून टिक्की लाकडासारखी लागते. म्हणून आपल्याला दोन गोष्टी करायच्या. पाणी धरून ठेवील असं काही आत घालायचं, आणि थोडा स्निग्धपणा वरून द्यायचा. आपल्याकडच्या शामी कबाबात हरभऱ्याची डाळ असते ती याचसाठी. डाळ पाणी धरते, आणि थोडं मांस जास्त माणसांना पुरतं. गरिबीची सोय आणि चवीची युक्ती एकाच मुठीत.

आता कृती सांगते, लिहून घ्या. टर्की मिळाली तर टर्की, नाही तर गावरान कोंबडी.

अर्धा किलो बिनहाडाचं मांस घ्या. छाती आणि तंगडी दोन्हींचं मिसळून घ्या, कारण तंगडीच्या मांसात थोडी चरबी असते. खाटकाकडून खिमा करून घ्या किंवा घरी लाकडाच्या ठोकळ्यावर सत्तुरानं बारीक करा. अगदी लगदा करू नका.

पावाचे दोन तुकडे पाव वाटी दुधात भिजवून कुस्करा. पाव नसेल तर फुटाण्याच्या डाळीचं पीठ पाव वाटी, तेही दुधात किंवा पाण्यात कालवून. एक मध्यम कांदा किसून चमचाभर तेलावर परता आणि गार होऊ द्या. आलं-लसूण, दोन हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर पाट्यावर वाटून घ्या. हे सगळं खिम्यात घाला, वर एक मोठा चमचा तेल किंवा पातळ तूप घाला.

मीठ एक लहान चमचा, पण ते अगदी शेवटी, टिक्क्या थापायच्या आधी. मीठ घालून खिमा फार वेळ मळला की तो चिकट आणि घट्ट होतो, मग टिक्की रबरासारखी लागते. कणकेसारखा तिंबू नका. बोटांनी मिसळला की पुरे.

आता सहा सारखे भाग करा. घरात तराजू असेल तर तोला. ओल्या हातानं बोटाएवढ्या जाड टिक्क्या थापा आणि प्रत्येकीच्या मधोमध अंगठ्यानं हलका खळगा करा, म्हणजे भाजताना ती मधे फुगणार नाही. पंधरा-वीस मिनिटं थंड जागी ठेवा. फ्रीज असेल तर त्यात ठेवा.

तवा तापवा, आच मध्यम, थोडं तेल. एका बाजूनं पाच-सहा मिनिटं, एकदाच उलटा, मग दुसऱ्या बाजूनं झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं. उलथन्यानं दाबू नका. दाबलं की चर्र आवाज येतो, आपल्याला बरं वाटतं, पण तो आवाज आतल्या रसाचा असतो. पक्ष्याचं मांस आतपर्यंत शिजलंच पाहिजे. एक टिक्की मधोमध तोडून पाहा. गुलाबी रंग उरलेला नसावा आणि निघणारा रस स्वच्छ असावा. तव्यावरून काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, मग पावात घाला. सोबत कांदा, टमाटा, आणि हो, आपला ठेचा. पाव नसेल तर ज्वारीच्या भाकरीत गुंडाळा. बर्गर रागावणार नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. खिमा अख्ख्या मांसापेक्षा लवकर खराब होतो, कारण बाहेरची घाण चिरताना आतपर्यंत मिसळते. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तर तो तासभरही बाहेर ठेवू नका. आणल्या दिवशीच करा. सुरी, पाटा, हात साबणानं धुवा, आणि कच्च्या खिम्याचं ताट कोशिंबिरीला वापरू नका.

गटासाठी दोन शब्द

कुणी म्हणेल, मग गटानं टर्की पाळावी का? उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्र सरकारची पक्ष्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथं टर्कीवर काम झालेलं आहे. दक्षिणेकडं, तामिळनाडू आणि केरळमध्ये ती पाळतात. पण उडी मारण्याआधी तीन गोष्टी लक्षात ठेवा. टर्कीची अंडी उबायला २८ दिवस लागतात, कोंबडीची २१ दिवसांत उबतात. टर्कीची पिल्लं पहिल्या दिवसांत फार भाबडी असतात, समोर ठेवलेलं दाणापाणीही त्यांना दाखवावं लागतं. आणि टर्की कोंबड्यांसोबत एकाच खुराड्यात ठेवू नका. कोंबडीच्या पोटातल्या जंतांबरोबर एक रोग टर्कीला लागतो, कोंबडी त्यातून तगते, टर्की मरते. शिवाय आधी गिऱ्हाईक शोधा, मग पक्षी आणा. सुरुवात गावरान कोंबडीच्या टिक्कीनं केली तरी विद्या तीच आहे.

माळकरी बहिणींसाठी म्हटलं होतं ना, त्यांच्याही कामाचं आहे. हरभऱ्याची, मुगाची, मटकीची टिक्की करा. तीही कोरडी पडते, तिलाही कांदा, थोडं तेल आणि हलका हात लागतो. आणि तीही मोजता येते.

शेवटची गोष्ट वहीची. १९१०मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे मराठी पुस्तक काढलं. त्यात मांसाहारी पदार्थही भरपूर आहेत. मांडूच्या पुस्तकात बायका चित्रात होत्या, नावात नव्हत्या. इथं बाईचं नाव पुस्तकावर आलं. १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि घरोघरी पोचलं. आपल्या गटाच्या वहीत आपण कर्ज आणि हप्ता लिहितो. त्याच वहीच्या मागच्या पानांवर पदार्थ लिहा, आणि पदार्थासमोर जिनं सांगितला तिचं नाव लिहा. मापासकट लिहा. जी लिहू शकत नाही तिचं दुसरीनं लिहावं.

आणि या महिन्यात एवढं करून बघा. घरात मांसाचा असो की डाळीचा, मोजता येईल असा पदार्थ केला, की आधी माणसं मोजा. त्यात स्वतःला धरा, सुनेला धरा, पोरींना धरा. तेवढ्याच टिक्क्या थापा, आणि वाढायला घेण्याआधी करणारीची टिक्की तिच्या ताटात ठेवा. कुणी विचारलं, तर सांगा, वाटे सारखे टाकलेत. कराच्या दिवशी टाकतो तसे. पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, कुणाच्या ताटात पडली आणि कुणाची राहिली.

आज इथंच थांबते. नमस्कार.